एकोणसत्तर की एकोणसाठ

“बेरीज किती आली?” सरांनी फोनवर विचारलं.

“एकशे त्रेपन्न.”

“मग ती माझी संख्या नाही, मॅडम. पुन्हा करा.”

पुन्हा केली. एकशे त्रेपन्नच.

मी गिरगावातल्या एका प्रेसमध्ये प्रूफरीडर आहे. कांबळे सर लोअर परळच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी शाळेसाठी स्टीलची प्लेट करायला दिली होती. वर तीन ओळींत एकोणचाळीस आकडी संख्या, खाली ‘ही मूळ संख्या आहे’ आणि त्याखाली सरांचं नाव. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच पूर्ण भाग जात नाही. उद्या उद्घाटन. प्रूफवर मी सही केली होती, फाइल कोरण्यासाठी माझगावच्या वर्कशॉपला गेली होती. सरांना फोन केला तो फक्त काम झालं म्हणून कळवायला. पण मास्तर ते मास्तरच. म्हणाले, सगळे आकडे मिळवा बघू.

आकड्यांच्या बेरजेला तीनने भाग गेला की संख्येलाही जातो. एकशे त्रेपन्नला जातो. म्हणजे सरांच्या नावावर शाळेच्या भिंतीवर धडधडीत खोटं लागणार होतं, आणि तेही माझ्या सहीने.

माझगावला फोन लावला.

“मशीन थांबवा!”

“पहिली लाइन झाली, मॅडम. आता दुसरी लावतोय.”

“हात लावू नका. दहा मिनिटं द्या.”

चूक पहिल्या ओळीत असती तर प्लेट वाया गेली असती, आणि दुसरी उद्यापर्यंत होणं शक्य नव्हतं. सरांनी हाताने संख्या लिहून दिलेला कागद काढला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. पहिले तेरा आकडे, म्हणजे पहिली ओळ, बरोबर. दुसऱ्या ओळीचा पहिलाच आकडा कागदावर सहा, प्रूफवर पाच.

घोळ लगेच कळला. मी कागद वाचत होते, ऑपरेटर विकास टाइप करत होता. वेळ वाचावा म्हणून मी आकडे जोडीने वाचले. मी म्हटलं एकोणसत्तर, त्याने ऐकलं एकोणसाठ. ताडून बघतानाही मीच वाचलं आणि त्यानेच स्क्रीनवर बघितलं.

“मला परत एकोणसाठच ऐकू आलं ना,” विकास म्हणाला.

फाइल सुधारून पाठवली. बेरीज एकशे चोपन्न. सरांना कळवलं.

“छान. पण तुमच्या माणसाने एकोणऐंशी ऐकलं असतं तर?” सर म्हणाले. “बेरीज एकशे पंचावन्न. तीनने भाग नाही. आपण दोघंही खूश!”

मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी पडदा सरकला, टाळ्या वाजल्या. सर मात्र प्लेटकडे बघत ओठातल्या ओठात आकडे मिळवत होते. शेवटच्या आकड्याशी थांबले, माझ्याकडे वळून मान डोलावली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तीनने भाग गेला तर संख्या मूळ नाही, एवढंच ती बेरीज सांगते. नाही गेला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. तेव्हापासून मी आकडे सुटे वाचते, आणि ताडताना विकासला वाचायला लावते.