सुगंधाचा गुडघा खरे बोलला

उत्तनच्या आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात वाचनासाठी उभे राहण्याचा नियम होता. सन २००६ मध्ये शिक्षिका ममताबाईंनी नाव पुकारले की सुगंधा, मासे विकणारी चाळिशीची बाई, चटईवरून उठू शकत नसे. दोन-तीनदा जोर केल्यावर मात्र ती सहज उभी राही. त्यामुळे ती सोंग करते, असे सर्वांनी ठरवले. बाजारात तिच्या शेजारी बसणारी मंदा गिऱ्हाइकांना सांगे, "राणीसायबांना तीनदा हाक मारा, मंग उठतील." आम्ही हसत असू. मीही हसले आहे.

नवरा काशीनाथ यानेही विश्वास ठेवला नाही, तेव्हा सुगंधा रडली. मला सोबत घेऊन ती मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात गेली.

डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याखाली लहान हातोडी मारली. पाय हलला नाही. मग त्यांनी पाय हाताने अडवून धरला, तिला तो दहा सेकंद जोराने पुढे लोटायला लावला व पुन्हा हातोडी मारली. पाय असा उडाला की त्यांच्या हातातले कागद खाली पडले.

डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, हे सोंग कोणालाही जमणार नाही."

त्यांनी चित्र काढून समजावले. मज्जातंतूच्या टोकाशी बारीक पिशव्या असतात व त्यांत स्नायूसाठी निरोपाचे रसायन असते. टोकावरच्या दारांतून कॅल्शियम आत शिरले की पिशव्या रिकाम्या होतात, आणि स्नायूवरचे ग्राही, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागा, तो निरोप घेतात. सुगंधाच्या शरीराने चुकून स्वतःचीच पुष्कळ दारे अडवली होती. पुन्हा पुन्हा जोर केल्यावर थोडे थोडे कॅल्शियम आत साठे, तेव्हा कोठे निरोप पुरेसा पोहोचे.

अशा आजारामागे कधी कधी फुप्फुसातली गाठ असते, म्हणून छातीही तपासली; त्यात काही वाईट निघाले नाही. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभराने ममताबाईंनी नाव घेतले आणि सुगंधा पहिल्याच हाकेला उभी राहिली. वाचनाऐवजी तिने फळ्यावर ते चित्र काढून सर्वांना समजावले. काशीनाथ दारात उभा राहून ऐकत होता. त्याने मान खाली घातली, पण तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी मंदाने बाजारात तिच्यापुढे सुक्या जवळ्याचा वाटा ठेवला.

"खा. कॅल्शियम हाय यात."

सुगंधाने सांगितले की कॅल्शियम कमी नाही, दारे अडली आहेत.

"मंग दारापाशी नेऊन ठेव," मंदा म्हणाली, "पन घे बाय."

सुगंधाने तो घेतला. त्या दिवशी दोघी एकाच डब्यातून जेवल्या.