काकूंच्या मनगटावरचा निकाल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सेंटवाल्या काकांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक काउंटर, मागे कुप्यांचं कपाट आणि दोन स्टुलं. बड्या कंपन्यांच्या महागड्या कोलोनसारखं कोलोन काका स्वस्तात बनवून देत. पण पहिल्या वासाला भुलून काही विकायचं नाही, हा तिथला नियम. सकाळी नवा माल काकूंच्या मनगटावर लावायचा, निकाल दुपारच्या चहाला.

"पहिली दहा मिनिटं सगळेच जावई गुणाचे," काकू म्हणायच्या. चार वाजता मनगट हुंगून नाक मुरडायच्या, "लिंबू उडालं, खाली साबण उरला." मग काका गिऱ्हाइकाला सरळ सांगत, "हे नका घेऊ."

काकू गेल्या. महिन्याभराने दुकान उघडलं, तशी मी यांच्यासाठी नेहमीचं कोलोन आणायला गेले. काकांनी नव्या कुपीतला थेंब माझ्याच मनगटावर ठेवला.

"ताई, चार वाजता येऊन सांगाल?"

"तुम्हीच हुंगा की. मला काय कळतंय त्यातलं?"

ते कुपीचं बूच पुसत राहिले. "नऊ वर्षांपूर्वी ताप आला, त्यात माझं नाक गेलं. मी नुसते थेंब मोजतो. नाक तिचं होतं." मग हळूच म्हणाले, "हे जमलं तर दुकान चालवीन. नाहीतर लेकीकडे जातो. कधीची बोलावतेय."

दिवसभर भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी मनगट नाकाशी नेत होते. अकरापर्यंत अगदी अस्सल वाटलं. दीडला विरलं. चारला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास तेवढा उरला.

काकांनी दोन कप चहा ओतून ठेवला होता. काकूंचं स्टूल पुसलेलं होतं. माझी जीभच रेटेना.

"छान आहे, काका. अगदी मूळच्यासारखं."

"काहीच खोट नाही?"

"काहीच नाही."

ते कसंनुसं हसले. "सव्वीस वर्षांत ती एकदाही नुसतं छान म्हणाली नाही, ताई. चांगल्यातल्या चांगल्यातही खोट काढायची. माझ्यात तर रोज." मग त्यांनी विचारलं, "साबण उरला का?"

मी मान खाली घातली. "साबणसुद्धा नाही उरला."

त्यांनी कुपीला बूच लावलं, कप माझ्यापुढे सरकवला. "घ्या, निवतोय."

मी कप उचलला, तेव्हा ते लेकीला फोन लावत होते.