सात गुणांची आघाडी आणि उजवा हात

मीरा रोडच्या आमच्या छोट्या क्लबात आज स्क्वॉशची स्पर्धा होती. नवशिके आणि तरबेज एकत्रच खेळणार, म्हणून कच्च्या खेळाडूला आधीच काही गुण द्यायचं ठरलं. किती, ते ठरवायचं काम माझ्या गळ्यात!

साठीच्या नीलाताईंना मी अकरा गुणांच्या डावात सात दिले. समोर आमचा चॅम्पियन, उजव्या हाताने खेळणारा रोहन. तो म्हणाला,

"सात? त्यापेक्षा मी ताईंशी नेहमीसारखा डाव्या हाताने खेळतो ना!"

मी ठामपणे नाही म्हटलं.

ताई अकरा-नऊने हरल्या. मला वाटलं, माझंच चुकलं, आठ द्यायला हवे होते.

ताई मात्र घामाघूम होऊन हसत होत्या. "रोहन, आज पहिल्यांदा तू माझ्याशी उजव्या हाताने खेळलास!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वेळी सहाच दे."

मंडळी, तुम्ही किती दिले असते?