पिंपळाचे पाणी

आमच्या जुन्या उपनगरातील उद्यान अखेर सुधारले. आज स्नानानंतर नेहमीप्रमाणे पिंपळाला पाणी घातले, तर ते बुंध्यापर्यंत बसवलेल्या नव्या फरशीवरून वाहत थेट गटारात गेले.

“थोडी माती मोकळी ठेवा हो,” मी मुकादमाला विनवले.

“आजोबा, चिखलात म्हातारी माणसं घसरतात, असा अर्ज तुमचाच ना? पहिली सही तुमची!” तो हसला.

सही माझीच होती. आयुष्यभर ज्याला वासुदेव मानून प्रदक्षिणा घातल्या, त्याचा कंठ मीच आवळला. स्वतःच्या पायांची काळजी वाहताना त्याच्या मुळांचे भान मला राहिले नाही. मी गुडघे टेकले आणि फरशीच्या सांध्यात नखाने माती शोधू लागलो. सांधाही सिमेंटने बुजवलेला होता. काम अगदी चोख झाले आहे.