वरून दिसलेले हात

आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच. माझं हे लिहिणं आगाऊपणाचं वाटलं तर माफ करा.

कॉलेजच्या सहलीत पहाटे आम्ही गरम हवेच्या बलूनमधून वाळवंटावर तरंगत होतो. सूर्य उगवला. बर्नरचा भडका उडाला, तशा खाली शेळ्या उधळल्या. त्यांच्यामागची बाई दोन्ही हात हलवू लागली.

"टाटा करतेय बघ," शेजारचा वर्गमित्र म्हणाला. सगळ्यांनी हात हलवले.

"हाकलतेय आपल्याला," मी म्हणालो. " शेळ्यांमागे कुत्री लागली की माझी आई असेच हात करते."

"गप रे शेळीवाल्या, फोटो काढ."

शिकून वर जा, म्हणते आई. वरून मात्र माणसाचा राग स्वागतासारखा दिसतो. बलूनच्या टोपलीतल्या प्रत्येकाचा मला संताप आला, माझाही.

संध्याकाळी सहलीच्या जीपवाल्याकडून कळलं, बिचकून पळालेली त्या बाईची गाभण शेळी गाभडली. पोटात दोन करडं होती.