पुढं काय झालं तेही छापा

चिकण्या, जाड कागदाला एक वास असतो. थोडा खळीचा, थोडा रॉकेलचा आणि तळाला कुठंतरी ओल्या चुन्याचा. परवा बाजारात दुकानदारानं गुळाचा खडा असल्याच एका पानात बांधून दिला, तर मी पुडी न सोडता कागदच हुंगत उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "मामा, गूळ हाय त्यात, अत्तर न्हाई." त्याला काय सांगणार? आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे असल्याच कागदाचं एक मासिक चाळणं.

फोटोंचं मासिक होतं ते, इंग्रजी. सुपाएवढं मोठं. एकट्याच्या मांडीवर मावत नसे. डावा पुठ्ठा तिनं धरायचा, उजवा मी, आणि पान उलटायचं म्हटलं की दोघांची मर्जी एक व्हावी लागे. परभणीच्या कचेरीतले एक साहेब शौकानं फोटो काढायचे. त्यांच्याकडं ते विलायतेहून टपालानं यायचं आणि त्यांचं वाचून झालं की आमच्याकडं यायचं, कारण मी धंद्यानं फोटोवाला, आणि तेव्हा फोटो काचेवर निघायचे, त्यांच्या त्या काचा मी धुऊन द्यायचो. माझं शिक्षण सरकारी मदरशात तिसरीपर्यंत, तेही उर्दूत, कारण निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतच. मराठी अक्षरं मठातल्या अय्यांनी, म्हणजे आमच्या जंगम गुरूंनी, वाळूत गिरवून घेतली तेवढीच. तिला तर तीही नव्हती. पण तसबिरीला अक्षर लागत नाही. डोंगर हा इंग्रजी डोंगर असला तरी डोंगरच दिसतो.

त्या संध्याकाळी ती ओसरीवर सरकीच्या पोत्याला टेकून बसली होती. थंडीचे दिवस, आणि थंडीत तिचा दमा उसळायचा. श्वास असा वाजायचा की बाहेरच्याला वाटावं घरात कुणी पावा शिकतंय. साहेबांनी मासिक देताना शेवटच्या पानावरचा मजकूर आम्हाला समजावून सांगितला होता. छापणारे विचारत होते, की वाचणाऱ्यांनो, तुम्हाला ह्या मासिकात आणखी काय पाहिजे ते कळवा. आम्ही वाचणारे नव्हतो, पण बघणारे तर होतो. सवाल आम्हालाच केलाय असं धरून आम्ही दोन दिवस त्यावर वाद घालत होतो.

"फोटूच्या काचंला लावायच्या मसाल्याची कृती छापा म्हणावं," मी म्हटलं. "आपल्याकडच्या उन्हाळ्यात काचेवरची साय पातळ होऊन वाहून जाती, त्याला काय करावं ते छापा. ढग अन् डोंगर घेऊन काय चाटायचेत?"

"तुमाला कृतीच दिसती. जन्मभर मसाला कालवला, अजून पोट भरंना."

"मग तुला काय पाहिजे, राणीसाहेब?"

तिनं पानावरच्या एका म्हाताऱ्यावर बोट ठेवलं. कुठल्या तरी समुद्राच्या काठी तो जाळं ओढत होता. "ह्याला मासा घावला का न्हाई?"

"मला काय ठाऊक! फोटूत जाळं ओढायलाय, तर ओढायलाय."

"तेच म्हणते मी. पुढं काय झालं तेबी छापा म्हणावं. पुढल्या महिन्याला पुन्हा जावा त्याच्याकडं, बघा, इचारा. अर्ध्यावर सोडून देतेत मेले."

"मेले नव्हं, साहेब लोक हायती."

"साहेब असले म्हणून काय झालं? सोडतेत तर अर्ध्यावरच."

ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. मी पाठ चोळली, कोमट पाणी दिलं. उद्या अंबाडीची भाजी करते म्हणाली. आम्ही मासिक मिटून कोनाड्यात ठेवलं आणि तिनं दिवा बारीक केला. त्यात शेवटचं असं काही नव्हतं. शेवटच्या गोष्टींच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतंच.

आता वाचणाऱ्याला काय पाहिजे हे विलायतेत विचारावं लागत असेल. आमच्याकडं गिऱ्हाईक न विचारताच सांगायचं. दोन्ही कान दिसले पाहिजेत, नाहीतर एक कान तुटलाय असं सोयऱ्यांना वाटेल. रंग उजळ पाहिजे. मनगटी घड्याळ मागून आणलेलं असलं तरी ते पुढं दिसलं पाहिजे. माझा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिपाईवर उभी. पुढं भिंग, मागं दुधी काच, आणि त्या काचेवर समोरचं माणूस उलटं पडायचं, पाय वर, डोकं खाली. काळ्या कापडात डोकं घालून मी ते बघायचो, मग मसाल्याची काच आत सरकवून ओरडायचो, "हलू नका! श्वास धरा!" बिचारे असे ताठ व्हायचे की जिते फोटोही पुतळ्यासारखे निघायचे. ती बाजूला पांढरं धोतर ताणून उभी राहायची, ऊन त्यावर आदळून चेहऱ्यावर पडावं म्हणून. आणि भिंगावर झाकण पडलं रे पडलं की तिची चौकशी सुरू. लेकरू कितव्या महिन्याचं, सून कुठली केली, विहिरीला पाणी लागलं का. मी जन्मभर माणसं उलटी बघितली, सुलटी बघायचं काम तिच्याकडं. पुढच्या जत्रेला त्याच गावात गेलो की मला चेहरे आठवायचे नाहीत, पण ती गाडीतून उतरता उतरताच विचारायची, बोरीच्या त्या बाईची म्हैस व्याली का म्हणून.

आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून, भिंतीशी मांडी घालून बसवतात, फुलं घालतात, आणि मग विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत, बसवून वाजतगाजत नेऊन बसलेलंच माती देतात. शिवाकडं जाणारा माणूस, तो ताठ बसूनच गेला पाहिजे. अशा बसवलेल्या माणसाचा फोटो काढून ठेवायची तेव्हा चाल पडली होती, कारण जितेपणी फोटोवर खर्च कोण करतो? तेव्हा मला बोलावणी यायची. खरं सांगतो, मेलेलं माणूस कॅमेऱ्याला फार सोयीचं. ते हलत नाही, शिंकत नाही, घाई करत नाही. जितं माणूस नुसता श्वास घेतं तेवढ्यानंसुद्धा काचेवर पुसट होतं. घरचे सगळे मढ्याभोवती दाटीनं उभे असले, की त्या फोटोत सगळ्यांत स्पष्ट कोण निघायचं, तर जे गेलं ते.

हे आधी तिच्या ध्यानात आलं. पिंगळीहून असाच एक फोटो काढून परत येताना गाडीत ती म्हणाली, "मला असं काढू नका. बसवा, रीत हाय, फुलंबी घाला. पण काचंवर नको. त्याच्या पुढं काईच न्हाई." मी हो म्हटलं. बैल हाकताना माणूस कशालाही हो म्हणतो.

त्या पहाटे मला गाढ झोप लागली होती, आणि जाग आली ती शांततेनं. घरात पावा वाजत नव्हता. हात लावून बघितला, तर गार. झोपेतच गेली. लोक असं लिहीत नाहीत, पण झालं ते लिहितो. पहिल्यांदा जे मनात आलं ते दुःख नव्हतं. हिला आता श्वास ओढावा लागणार नाही, हे आलं. सुटली बिचारी. आणि कैक हिवाळे मी त्या आवाजाला कान लावून बसलो होतो, थांबतो की काय, थांबतो की काय म्हणत. तो थांबला, आणि मीही सुटलो. रडू त्याच्या मागून आलं, पण आलं ते सावकाश, थकलेल्या माणसानं ओझं उतरवून खाली बसावं तसं.

दुपारच्या आत पाथरीहून तिचा थोरला भाऊ आला. तोवर बायांनी तिला न्हाऊ घालून अंगणात भिंतीशी बसवलं होतं. लेकीला निरोप धाडला होता, पण लेक दूर दिलेली, आगगाडी नाही त्या बाजूला. निरोप पोचून बैलगाडीनं यायला दिवस मावळणार, आणि माती त्याच्या आत द्यायची. मेहुण्यानं बहिणीपुढं डोकं टेकलं, डोळे पुसले आणि माझ्याकडं वळला.

"दाजी, कॅमेरा काढा."

मी हारातून गळलेलं एक फूल उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

"पोरीला आईचं तोंड तरी दिसू द्या. तिनं काय बघायचं, मोकळी भिंत?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिचा जितेपणीचा एकही फोटो घरात नव्हता. एकदा हट्टानं बसवली होती, तर श्वास धरताना उबळ आली आणि काच वाया गेली. पुढं लढाईमुळं काचा मिळेनात, आणि ती म्हणायची, गिऱ्हाइकाची काच माझ्यावर घालू नका. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. माझा नकार पक्का होता असंही नाही. मी कॅमेरा आणला. तिपाई रोवली, काळ्या कापडात डोकं घातलं.

दुधी काचेवर ती उलटी बसली होती. फुलांचे हार वर लोंबत होते. कपाळावरची विभूतीची बोटं अन् बोटं दिसत होती. इतकी स्पष्ट ती मला कधीच दिसली नव्हती, आणि इतकी परकीही कधी वाटली नव्हती. तिचा पदर कधी जागेवर राहिला नाही, हात कधी मांडीवर राहिले नाहीत. हलत नाही ती कोण? गाडीत ती काय बोलली होती ते मला त्या कापडाच्या अंधारात उमगलं. जाळं ओढणाऱ्या म्हाताऱ्याला मासा मिळाला असेल, नसेल, पण निदान विचारता तरी येत होतं. इथं विचारायलाच काही उरलं नव्हतं. ही काच मी काढली असती तर उद्यापासून तेवढंच खरं झालं असतं.

मी डोकं बाहेर काढलं. "न्हाई काढत."

"का? मसाला सरला काय?"

"मसाला हाय. तिनं नको म्हणलं हुतं."

"वा! साऱ्या तालुक्याची मढी काढली, पैका घेऊन काढली. माझ्या भनीच्याच वक्ताला हात आखडला व्हय? अन् पोरीला काय दाखवणार?"

"माझं तोंड दाखवीन. तिला काय बोलायचं ते मला बोलू दे."

तो रागानं तिथून निघून गेला आणि विमान निघाल्यावर पार मागच्या टोकाला चालला. टाळ वाजत होते, अय्या मंत्र म्हणत होते, आणि माझं चित्त कशातच नव्हतं. बायकोचा शब्द राखला खरा, पण त्यासाठी लेकीच्या हातातून तिची आई मी कायमची काढून घेतली का, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. माती लोटतानासुद्धा तेच. गेलेल्याचं नुकसान होत नाही, राहणाऱ्याचं होतं, आणि राहणारी अजून गाडीत होती.

दिवेलागणीला गाडी आली. लेक उतरली ती धावतच अंगणात आली आणि मोकळ्या भिंतीकडं बघत थबकली. तिचा मामा काही बोलायच्या आतच तिनं मला विचारलं, "आबा, फोटू काढला का?"

"न्हाई."

ती ओसरीच्या पायरीवर बसली. मी मान खाली घातली.

"बरं केलं आबा," ती म्हणाली. "गाडीत बसल्यापासून त्याचंच भ्या वाटायलं हुतं. काढला असंल, चौकटीत घालून दारावर लावला असंल, अन् जव्हा माहेराला यावं तव्हा मान टाकलेली आई बघावी. माझी आई दारात उभी हाय. मला वाटंला लावताना वरडली हुती बगा, 'अगं, लोणच्याचं गाडगं आडवं ठिवू नको!' तेवढं तोंड मला पुरं हाय."

मग ती रडायला लागली. मेहुणाही रडला, माझ्या खांद्याला धरून. जरा वेळानं त्यानंच नाक पुसत विचारलं, "मग? आडवं ठिवलंस का गं गाडगं?"

"ठिवलं की. सारं तेल गाडीत सांडलं. जाऊ हसली, सासूनं आठ दिस तोंड फुगवलं."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. आम्ही तिघं त्या अंधाऱ्या ओसरीवर रडतारडता हसलो, आणि माझ्या छातीवर सकाळपासून बसलेली धोंड उतरून बाजूला झाली.

आमच्यात सुतक नसतं. चूल विझवत नाहीत, माणसं कामाला लागतात. शहाण्यांनी केलेली रीत आहे, एवढंच मी म्हणेन. लोक मला विचारतात, तुमच्याजवळ एवढ्या लोकांचे फोटो आणि घरच्या माणसाचा एकही नाही, जीव तळमळत नाही का? नाही तळमळत. ती मला कधी कोपऱ्यातून दिसते, कधी बाजूनं, कधी नुसता आवाज येतो, आणि दर खेपेला काहीतरी वेगळंच करत असते. काळ सगळं नेतो म्हणतात. नेतो, पण जे धरून ठेवलं नाही ते न्यायला त्याला जड जातं, असं माझ्या अडाणी बुद्धीला वाटतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता मी कॅमेरा मिटवायला गेलो. कालपासून तो अंगणातच उभा होता, दवानं भिजलेला. सवयीनं कापडात डोकं गेलं. काचेवर तीच भिंत होती, आणि भिंतीपुढं लेकीनं अंगणातली चूल पेटवली होती. उलट्या तसबिरीत धूर वरून खाली पाण्यासारखा वाहत होता. ती चौकटीतून बाहेर गेली, घागर घेऊन आत आली, वाकली, पुन्हा गेली. मी कितीतरी वेळ बघत राहिलो. 'हलू नको' हा शब्द तोंडात आला नाही, काच भरायचं मनात आलं नाही.

"आबा, चहा निवायलाय," ती म्हणाली.

मी डोकं बाहेर काढलं, धोतराच्या सोग्यानं भिंगावरचं दव पुसलं, कॅमेरा मिटून पेटीत ठेवला आणि चहा प्यायला चुलीपाशी जाऊन बसलो.