तेल बोलतंय तोवर

लोक मला येऊन सांगतात, डोळे गेले की देव नाक-कान तिखट करतो, भरपाई म्हणून. कसली डोंबलाची भरपाई! मला सर्दी झाली की निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला आणि कोथिंबीर मला सारखीच. कान म्हणाल तर पहिल्यापासून होते तेवढेच आहेत. आमचे हे तर म्हणतात, तुला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, पहिल्यापासून.

मला काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. याचं तसं नाही, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालघालून सांभाळायची. माझी नजर कडेकडेनं गेली, ओढ्यानं बांध खात यावं तशी, त्यामुळे पुष्कळ काळ मला पत्ताच नव्हता. चौकटीला खांदा आपटायचा. पायाशी पाण्याचा तांब्या लवंडायचा आणि मी ह्यांच्या अंगावर ओरडायचे, "वाटेत कशाला ठेवता तांब्या?" हे एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी लोकांची बोलणी खाण्यात गेली. शांतपणे म्हणायचे, "आगं, तांब्या रोज तितंच असतो."

शेवटी लेक-जावयानं पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आईवडलांपैकी कुणाला हा त्रास होता का? मी ठसक्यात सांगितलं, "माझ्या आईचे डोळे मरेपर्यंत शाबूत होते. चष्मासुद्धा नव्हता तिला." आता मला समोर दाराएवढा उजेड दिसतो आणि त्यात आलेल्या माणसाची सावली.

आमचं गाव पानशेतच्या वरच्या अंगाला, वेल्ह्यात. सगळी उताराची भातखाचरं. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून बायकांच्या कमरा धरतात आणि मग त्या बाटली घेऊन माझ्या दारात येतात. अडुळशाचा काढा मी करते, केसांना माक्याचं तेल करते, पण ते काय, कुणीही करतं. निगडीचं तेल मात्र माझ्याच हातचं पाहिजे. दसऱ्याच्या आसपास ओढ्याकाठची निगडी पानांनी गच्च असते. तेव्हा पाला खुडायचा, ठेचून रस काढायचा, तिळाच्या तेलात ओतायचा आणि मंद आचेवर रसातलं पाणी आटवायचं. सगळी मेख शेवटच्या घटकेत आहे. लवकर उतरवलं तर पाणी आत राहतं आणि तेल नासतं. उशीर झाला तर करपतं. इतकी वर्षं मी ते बघून ओळखत आले. फेस कसा बसतो, रंग कसा फिरतो, ते बघून.

शिकवलं आईनं. माहेर माझं भोरच्या डोंगरात, शेरडं-मेंढरं राखणाऱ्यांची वाडी. अजूनही कापूरहोळला एसटीतून उतरलं आणि धाब्यांच्या फोडणीचा वास आला की माझं मन पुढच्या गाडीची वाट न बघता घाट चढायला लागतं. आई भारी रागीट बाई. तिच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा. उलथनं उजव्या खुंटीला. कुणी डाव्या खुंटीला लावलं की त्याच उलथन्याचा प्रसाद. एखादं शेरडू वाटेत बसलं की ही त्याला अडखळायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दिवे लागले की तिचं उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. "भल्या घरची बाई अंधाराची भाईर पडत न्हाई," असं ठणकावून सांगायची. आम्ही भावंडं तिला माघारी हवालदार म्हणायचो.

आणि सगळ्यात कडक कायदा तेलाच्या दिवशी. कढई चुलीवर चढली की घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. "त्याल बोलतंय तवर आपून बोलायचं न्हाई." बोललं तर तेलाला बोल लागतो आणि ते नासतं, असं तिचं म्हणणं. शेरडं लांब हाकलायची, वडलांनी तंबाखूची चंची घेऊन झाडाखाली जायचं, आम्ही भिंतीला टेकून तोंडावर हात ठेवून बसायचं. आई चुलीकडे पाठ करून बसायची. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, बोटांनी खडे वेचत. कढईकडे ढुंकूनसुद्धा बघायची नाही. मध्येच उठायची, फडक्यानं कढई उतरवायची आणि तेल बरोबर झालेलं असायचं. आम्हाला वाटायचं, हिला मंत्र येतो.

तेल झालं की तिचा सगळा राग पळायचा. कोमट तेल आमच्या तळपायांना चोळायची. एकेकाचं तोंड दोन्ही हातांत धरून अगदी आपल्या नाकासमोर आणायची आणि टक लावून बघायची, गालाला तेल लागायचं त्याचं काही नाही. "वाळलीस गं माझी बाय," म्हणायची. त्या हातांची मला आज या वयातही आठवण येते, आणि आली की दिवसभर कशात जीव लागत नाही.

लग्न होऊन इकडे आले तरी मी तो कायदा पाळला. बघून ओळखत होते, गप्प बसायची गरज नव्हती, पण आईनं सांगितलंय ना, मग विषय संपला. ह्यांची फार पंचाईत व्हायची. ज्या माणसाची हयात "पुढं चला, पुढं चला, मागं लई जागा हाय" म्हणण्यात गेली, त्याला दुपारभर गप्प बसवायचं म्हणजे काय! अंगणात फेऱ्या मारायचे आणि मला हातवारे करून विचारायचे, झालं का?

मग डोळे गेले. एकदा चुलीपाशी पदर पेटला. थोडक्यात निभावलं, मनगट भाजलं तेवढंच, पण लेक पुण्याहून तरातरा आली आणि चूल बंद, गॅस बंद असा हुकूम काढला. ही पोरगी आजीवर गेली आहे. येताना विजेची इंडक्शन शेगडी घेऊन आली. जाळ नाही, धूर नाही, बटणांवर तिनं उंचवटे चिकटवून दिले. शेगडी खरंच गुणाची. भात-आमटी सगळं मी तिच्यावर करायला लागले.

त्या दसऱ्याला तेलही तिच्यावरच केलं. आता बघणार कोण? ह्यांना उभं केलं. म्हटलं, रंग कसा दिसतो ते सांगा.

"हिरवा."

"अहो, कसला हिरवा? पोपटी, काळपट, कसला?"

"हिरवाच की. म्हंजे आता जरा काळा. आपल्या डेपोतल्या जुन्या सीटा असायच्या बघ, तसा."

आता त्या सीटा मी कुठे बघायला गेले होते! फेस बसला का, तर म्हणे, बसलाय बी आणि न्हाई बी. वास घेतला, वाफेवर हात धरला, झालं असेल असं धरून चालले आणि कढई उतरवायला लावली. बाटल्या भरल्या, वाटल्या. नंतर आमच्या घरची एक बाटली उघडली तर आंबूस वास. आणि वाटलेल्या सगळ्या त्याच कढईतल्या.

गावात कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच मला लागलं. एखादीनं येऊन चार शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं. पुढच्या लावणीला मी दारात बसून राहिले आणि बाटली घेऊन कुणी आलंच नाही. शेजारीण आली, इकडचं तिकडचं बोलली, कण्हत उठली आणि गेली. तिच्या कमरेचं मला ऐकू आलं, तेलाचं नाव तिनं काढलं नाही. त्या दिवशी मी पोटभर रडले. लेक फोनवर म्हणाली, "आई, बास कर आता. सगळं विकत मिळतं." तिचं चुकलं असं कसं म्हणू? पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांना सांगितलं, अजून एकदा करणार. या खेपेला नासलं तर कढई मोडीत घाला, मी तिचं नाव घेणार नाही.

गेल्या दसऱ्याला आम्ही दोघं ओढ्यावर गेलो. हे खुडून माझ्या हातात द्यायचे, मी पान चोळून बघायचे. मधेच मूठभर घाणेरी दिली. "अहो, ही घाणेरी!" "दोन्हीला वास येतोय की," म्हणाले. जन्म या डोंगरात काढला पण माणसाला तिकिटाशिवाय कागद आणि घाणेरीशिवाय झाड माहीत नाही.

पाला ठेचला, रस गाळला, लोखंडी कढई शेगडीवर ठेवली. हे कायद्याप्रमाणे गप्प. शेगडीच्या पोटातला पंखा आपला घूंऽऽ करत होता. बराच वेळ गेला. वाफ कमी लागायला लागली, वास उग्र झाला. मागच्या वेळीही इथवर असंच होतं. आता उतरवा म्हणावं की थांबावं? तोंड उघडलं, आणि लाईट गेली.

आमच्याकडे लाईट जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ती गेली आणि शेगडीचा पंखा थांबला. आणि कढईतून आवाज आला. तड. तडतड. तड. बारीक, ओल्या लाकडासारखा. पाणी! पाणी अजून आत होतं. मागच्या वर्षीही तेल असंच सांगत असणार आणि तो मेला पंखा त्याच्यावर घूं करत असणार.

"चूल पेटवा," मी म्हटलं.

"लेक रागवंल."

"रागवू दे. जाळ तुम्ही बघा, कढई तुम्ही उचला. मी हात लावत नाही. मी नुसती ऐकते."

ह्यांनी अंगणात तीन दगड मांडले. जाळ मंद ठेवला. धूर तोंडावर यायला लागला म्हणून मी वळून चुलीकडे पाठ केली. हात रिकामे राहवेनात, म्हणून सूप मागून घेतलं आणि तांदूळ चाचपत बसले. तडतड पातळ होत गेली. एक तड, मग बराच वेळ काही नाही, मग एक. मग बंद.

"उतरवा."

कापसाची वात त्या तेलात भिजवून ह्यांनी पेटवली. पाण्याचा अंश असला तर वात तडतडते. ही गुपचूप जळली. हे आनंदानं ओरडलेच, "झालं! आगं झालं, झ्याक झालं!" आणि दुपारभर तुंबलेलं सगळं बोलायला लागले.

मी जागची हलले नाही. मांडीवर सूप होतं, चूल पाठीशी होती, बोटं तांदळात होती. ती अशीच बसायची. कढईकडे बघायची नाही, कारण बघून उपयोग नव्हता. उजवी खुंटी. वाटेतलं शेरडू. दिवेलागणीनंतरचा उंबरा. आमची तोंडं धरून नाकासमोर आणणं. अगं आई गं! तिला दिसत नव्हतं. समोरचं टीचभर दिसत असेल, कडेचं नाही, अंधारात तर नाहीच. तिनं कुणाला सांगितलं नाही, कदाचित तिला स्वतःलाही कळलं नसेल. आणि आम्ही तिला हवालदार म्हणत होतो, आणि मी त्या डॉक्टरीणबाईंना ठसक्यात सांगून आले होते, शाबूत होते म्हणून.

मी रडायला लागले तसे हे माझ्यापाशी येऊन टेकले. "आता काय झालं? त्याल तर ब्येस झालंय."

"मोबाईल द्या. लेकीला लावून द्या."

तिनं फोन उचलला आणि माझा आवाज ऐकून म्हणाली, "आई, परत बिघडलं का गं? जाऊ दे, मनाला नको लावून घेऊ."

"तेल उत्तम झालंय. तू उद्याच्या उद्या डोळे तपासून घे."

"माझे? मला काय झालंय? स्वच्छ दिसतंय मला."

"मलाही दिसत होतं. तुझ्या आजीलाही दिसत होतं," मी म्हटलं. "मला सांग, घरात कुठे आपटतेस का? काही लवंडतं, सांडतं का?"



"परवा चहाचा कप सांडला," ती म्हणाली. "पण तो ह्यानंच वाटेत ठेवला होता."